फुटक्या धोंड्यावरची नऊ-तीन

मागच्या शरदात वेइयो तोलोनेनची गोळी मूसला, घोड्याहून थोराड सांबराला, लागली ती पोटात. भर उजेड होता, मूस समोर आडवा उभा होता, गोळी बसायची खांद्यामागे आणि बसली पोटात. मग कुत्रा लावून शिकारीच्या अख्ख्या टोळीनं दलदल तुडवली. दुसऱ्या दिवशी दुपारी तो सापडला तेव्हाही जिवंत होता. वेइयोच्या बायकोचा भाऊ काउको, त्यानं त्याला संपवलं. मांस बरंचसं फेकावं लागलं. एवढं सगळं झालं आणि टोळी त्यावर काय बोलली, तर एवढंच: "ती रायफल आता जुनी झाली."

उत्तरेकडच्या आमच्या कोइवुवारा गावात माणसाला कुणी बोलत नाही, वस्तूला बोलतात. कुणाची गाडी चरात गेली तर रस्त्याला नावं ठेवायची. पाव करपला तर भट्टीला. पोस्टवाल्याची बायको त्याला सोडून गेली तेव्हा सगळ्यांचं एकमत झालं की ते घर फारच दमट होतं. तेव्हा दोष रायफलचा ठरला यात नवल काहीच नाही. वेइयोलाही ते पटलं. जुनी तीनशे-आठ मापाची रायफल बापाच्या वेळेची होती, तिची बाजू घ्यायला बाप काही उठून येणार नव्हता.

आता खरं काय ते मी सांगतो, कारण मला ही लपवाछपवी मुळीच आवडत नाही. दोन उन्हाळ्यांपूर्वी खडीच्या खाणीत सगळे नेम धरायला जमले होते, तेव्हा काउकोनं आपली नऊ-तीन वेइयोच्या हातात दिली. "मार लेका एक, बघ तरी." नऊ-तीन म्हणजे मधल्या मापाची रायफल. गोळी नऊ मिलिमीटर आणि वर थोडी जाड, मूसला आणि अस्वलाला पुरून उरणारी. वेइयो पोटावर पडला, चढावर नेम धरला आणि चाप ओढला. रायफल मागे आली आणि तिच्यावरच्या दुर्बिणीची कड भुवईत घुसली. रक्ताची धार नाकावरून हनुवटीपर्यंत. सगळे दुर्बीण कशी चुकीची बसवली आहे त्यावर बोलले. भुवईवर चंद्रकोरीएवढा वण राहिला, आणि त्या दिवसापासून वेइयो चाप ओढायच्या आधी डोळे मिटायला लागला, खांदा आक्रसायला लागला, नळी खाली दाबायला लागला. हे त्याचं त्याला ठाऊक नव्हतं. बाकी सगळ्यांना होतं.

वसंतात बर्फ वितळला तशी टोळीची म्होरकी इर्मा केरानेन त्याच्या अंगणात आली. इर्मानं आयुष्यभर शाळेत पोरांना सुतारकाम शिकवलं, त्यामुळे ती बोलते तेही मापून, कापून.

"वेइयो, तुझी नेमाची परीक्षा यंदा आहे."

"आहे की."

"चार गोळ्या. चारही वर्तुळात."

"दर वेळी तेवढ्याच असतात."

"नाही बसल्या, तर तू शिकारीला नाही, रश्श्याच्या पातेल्यावर. आणि फुटका धोंडा पाठमोऱ्यात जाईल."

एवढं बोलून तिनं कॉफी प्यायली, त्याच्या बायकोच्या, राइलीच्या, वेलचीच्या पावाचं कौतुक केलं आणि गेली. वेइयो मात्र संध्याकाळपर्यंत पायरीवर बसून राहिला.

पाठमोरा हा आमचा जुना रिवाज. मूस पडला की कोठारात मांसाचे ढीग लावतात. एक जण भिंतीकडे तोंड करून उभा राहतो. दुसरा एका ढिगाला काठी लावतो आणि विचारतो, "हा कोणाचा?" पाठमोरा जे नाव घेईल त्याचा तो ढीग. मग नडगीची हाडं आली तरी कुणी हूं की चूं करायचं नाही. शिकारीचे ठिय्येही असेच वाटतात. प्रत्येक ठिय्याची लाकडी पट्टी असते, पट्ट्या उलट्या मांडायच्या, हा कोणाचा, हा कोणाचा. पाठमोरा नेहमी काउको. एकदा त्याच्या सख्ख्या बहिणीला, म्हणजे राइलीला, लागोपाठ तीन वर्षं हाडंच आली, तरी हा बाबा भिंतीकडेच बघत राहिला. म्हणून त्याच्यावर सगळ्यांचा भरवसा.

फक्त फुटका धोंडा या वाटपात कधीच नव्हता. दलदल आणि टेकडी यांच्या मधे दुभंगलेला एक प्रचंड दगड आहे, मूस त्याच्या कडेनं येतोच येतो. तिथे वेइयोचा आजा बसला, बाप बसला, आता वेइयो बसतो. त्याची पट्टी वेगळ्या खिळ्यावर टांगलेली. वेइयोनं हयातभर रस्त्यांवरचा बर्फ काढणारी गाडी चालवली, त्या नोकरीत कुणी त्याला नावानं ओळखलं नाही. पण फुटक्या धोंड्यावर कोण, असं विचारलं तर पोरंसोरंही सांगायची. ती जागा गेली तर आपण नक्की कोण, हे वेइयोला सांगता आलं नसतं.

मग काय, रायफल निवडायची. सहकारी दुकानाच्या कॉफीच्या टेबलावर, सौनाच्या वाफेत, पेट्रोल पंपावर, जिथे तिथे हाच विषय. आमची माणसं एरवी तोंडातून शब्द काढायचे पैसे पडतात अशी वागतात, पण काडतुसाची गोष्ट निघाली की थांबता थांबत नाहीत. बारक्या गोळीची सहा-पाच घे, कुणी म्हणालं, आणि लगेच बाकीच्यांनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो गप्प बसला. कुणी तीन-पंच्याहत्तर सुचवली. ती आफ्रिकेतल्या रेड्यांसाठी आहे, असं दुसऱ्यानं सांगितलं. "आपल्याकडे रेडे नाहीत." "मूस आहेत ना पण." फिरून फिरून सगळे नऊ-तीनवरच यायचे. निम्म्या टोळीकडे तीच आहे. काउको तर तिची तारीफ करताना हात हवेत नाचवायचा. "लोण्यासारखी रायफल आहे लेका. धक्का असा बसतोच कुठं? खांद्यावर कुणी थाप मारल्यासारखं वाटतं."

"कोण मारतंय त्यावर आहे," राइली म्हणाली. तिच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही.

शहाण्या माणसानं मवाळ, कमी धक्क्याची रायफल घेतली असती. पण मवाळ घेतली म्हणजे आपण भ्यालो असं होतं, आणि भ्यालो नाही हे दाखवायचं तर जिनं भुवई फोडली तीच घ्यायला हवी. वेइयोनं हा सगळा हिशोब डोक्यात इतक्या आत केला की त्याला स्वतःलाही तो ऐकू आला नाही.

शहरातल्या दुकानात राइली बरोबर गेली. दुकानदार लांबोडक्या चेहऱ्याचा होता. त्यानं नऊ-तीन टेबलावर ठेवली. वेइयोनं ती खांद्याला लावली आणि दुकानातल्या पेंढा भरलेल्या अस्वलावर नेम धरला.

"याहून मवाळ काही आहे का?" राइलीनं विचारलं.

दुकानदारानं शेजारी सहा-पाच ठेवली. "हिनंही मूस पडतो."

"बघ," राइली म्हणाली.

"पडतो," वेइयो म्हणाला, "पण सावकाश पडतो."

दुकानदारानं सहा-पाच परत ठेवून दिली. नऊ-तीन कागदात गुंडाळताना म्हणाला, "आधी कुठली होती?"

"तीनशे-आठ."

"मग गोळी झाडल्यावर हिचा बोल्ट जरा जास्त मागे ओढायचा. काडतूस लांब आहे. अर्धवट ओढलास तर नळी रिकामीच राहील."

"बोल्ट कसा ओढायचा ते मला शिकवू नकोस," वेइयो म्हणाला. एवढं लांब वाक्य तो परक्या माणसाशी सहसा बोलत नाही.

जूनमध्ये खडीच्या खाणीत सराव सुरू झाला. राइली गाडीत थर्मास घेऊन बसायची. वेइयो एक गोळी झाडायचा, कागदापर्यंत चालत जायचा, परत यायचा आणि रायफलचा कुठलातरी स्क्रू पिळायचा. दुर्बीण बदलून झाली. काडतुसांची जात बदलून झाली. दस्त्यावर कातडं चढवून झालं. वाऱ्यावर ठपका ठेवला, पण त्या दिवशी वारा पडलेला होता. भोकं मात्र कागदभर अशी पसरलेली की कुणी मूठभर वाटाणे फेकून मारलेत.

"वेइयो, तू डोळे मिटतोस," एकदा राइली म्हणालीच.

"ऊन होतं."

"सकाळपासून आभाळ आहे."

"म्हणूनच. उजेड नीट नव्हता."

"अरे, चाप ओढायच्या आधीच तुझे डोळे मिटतात, मी इथे बसून बघतेय! खांदा असा होतो," तिनं मान खांद्यात घालून दाखवली, "थंड पाण्यात उतरतोयस जसा."

वेइयो गाडीत बसला आणि घरापर्यंत एक शब्द बोलला नाही. पुढे आठवडाभरही फारसा बोलला नाही. त्यात तसा फरक काही नव्हता, पण राइलीला तो फरक कळतो. आपल्या माणसानं आपल्याला असं उघडं बोलावं याचा त्याला राग आला होता. आणि ती खोटं बोलली नव्हती याचा जास्त.

परीक्षेच्या दिवशी सगळी टोळी आली. ज्यांची परीक्षा नव्हती तेही आले, सॉसेज भाजायचं निमित्त काढून. इर्मा हातात घड्याळ घेऊन उभी. समोर लांबवर कागदी मूस, त्याच्या खांद्यामागे ताटाएवढं वर्तुळ. वेइयोची पाळी आली. त्यानं टोपी मागे सरकवली, खांद्याला रायफल लावली, आणि पहिली गोळी गेली कागदी मूसच्या गुडघ्यात.

 एकानं सॉसेज उलटवलं.

वेइयोनं बोल्ट ओढला, बापाच्या रायफलचा ओढत होता तसाच, बोटभर कमी. रिकामं काडतूस बाहेर उडालं, पण नवं काही आत गेलं नाही, आणि हे त्याला कळलं नाही. त्यानं पुन्हा नेम धरला. श्वास घेतला. चाप ओढला.

टक्.

आवाज झाला तो एवढाच. पण वेइयोचे डोळे गच्च मिटले, खांदा कानापर्यंत गेला, मान आत गेली, आणि नळी अशी खाली गेली की तिचं टोक गवतात टेकलं. धक्का नव्हता, धूर नव्हता, आणि हा माणूस एका जागी उभा राहून असा दचकलेला की पाठीमागून कुणी बादली उपडी केलीय. मग त्यानं डोळे उघडले. नळी कुठे आहे ते पाहिलं. बराच वेळ पाहत राहिला.

खरं तर तेव्हा कुणीतरी बोल्टला बोलायला हवं होतं. बोल्ट लांब आहे, खटका सैल आहे, काहीही. सगळ्यांच्या तोंडावर ते आलंही होतं. पण ते इतकं उघडं होतं की नेहमीचं खोटं कुणाच्या तोंडातून निघेना. दूर कुठेतरी कोकिळा ओरडत होती.

"वेळ चालू आहे," इर्मा म्हणाली. तिलाही काहीतरी म्हणायला हवंच होतं.

वेइयोनं रायफल बाकावर ठेवली. "रायफल चांगली आहे," तो म्हणाला. "मला भीती वाटते तिची."

आमच्या गावात, माझ्या ऐकिवात तरी, असं वाक्य कुणी उच्चारलेलं नाही. दफनाच्या वेळीही नाही. सगळ्यांना इतकं ओशाळं झालं की कुणी बुटाकडे बघितलं, कुणी आभाळाकडे. राइलीनं तोंडावर हात धरला आणि तिला रडू आलं.

आणि मग काउको पुढे आला. त्यानं कोटाची चेन खाली ओढली आणि कोटाची उजवी बाजू उलटी करून दाखवली. आत खांद्यापाशी काळ्या दोऱ्यानं शिवलेला होता लोकरीच्या बुटातला जाड तळवा.

"मला पण," काउको म्हणाला. "पहिल्या दिवसापासून."

"तू तर म्हणालास खांद्यावर थाप मारल्यासारखं वाटतं," वेइयो म्हणाला.

"तळवा घातल्यावर वाटतं."

तोवर दुसऱ्यानं कोट काढला होता. त्याच्याकडे घडी घातलेला टॉवेल. तिसऱ्याकडे पोराचं लोकरी कानटोपरं. एकानं तर सोफ्याची उशी कापून बसवली होती, बायको ती अजून शोधते आहे. सगळी टोळी कोट उलटे करून उभी, आणि या सगळ्यांनी वसंतभर वेइयोला नऊ-तीनच घे म्हणून सांगितलं होतं, कारण एकानं नको म्हटलं असतं तर का नको ते सांगावं लागलं असतं.

"तुम्ही सगळे एकजात गाढव आहात," राइली म्हणाली. तिनं नाक पुसलं आणि शेकोटीवरचं रश्श्याचं पातेलं ढवळायला गेली. कुणी तिला उलट बोललं नाही.

वेइयो त्या दिवशी नापास झाला. पण परीक्षा उन्हाळ्याच्या शेवटी पुन्हा असते. तोवर रोज जेवणानंतर काउको खाणीत येऊ लागला. काडतुसं तो भरायचा, मधे मधे रिकामी, कुठलं भरलेलं आणि कुठलं रिकामं ते वेइयोला सांगायचा नाही. टक् झालं आणि नळी खाली गेली की काउको म्हणायचा, "पुन्हा." हळूहळू नळी जागेवर राहू लागली. नेहमी नाही. पुढच्या परीक्षेला चारही गोळ्या वर्तुळात बसल्या, शेवटची कडेला चिकटून. इर्मानं दोनदा वाकून पाहिलं आणि "आत" म्हणाली.

फुटका धोंडा वाचला.

शिकारीच्या पहिल्या सकाळी धुकं होतं. वेइयो धोंड्याच्या खोबणीत बसला, जिथे बाप बसायचा, आज्यानं कोरलेली अक्षरं पाठीला टोचत. कोटाच्या खांद्यात काउकोच्या दुसऱ्या बुटाचा तळवा. टेकडीच्या बाजूनं कुत्र्याचं भुंकणं जवळ येत गेलं, आणि मग दलदलीच्या कडेनं तो आला. मोठा नर, शिंगांवर गवत लटकलेलं, कुठलीही घाई नसलेला. तो धोंड्यासमोर थांबला. आडवा. धुकं विरलेलं, भर उजेड. अगदी गेल्या वर्षीच्यासारखा.

वेइयोनं रायफल उचलली. दुर्बिणीत खांद्यामागची जागा नीट दिसत होती, तिथले केस ओले होते. चापावर बोट गेलं. आणि त्याला जाणवलं की डावा डोळा मिटतो आहे. मग उजवाही. चाप अजून ओढलाही नव्हता. त्यानं ते पहिल्यांदा आतून, त्याच क्षणी ओळखलं, आणि त्याला गेल्या वर्षीची ती दुसऱ्या दिवसाची दुपार आठवली, मूस मान वर करून त्यांच्याकडे बघत होता ती.

त्यानं बोट काढलं. मूसनं त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि टेकडीच्या बाजूला निघून गेला.

आता वेइयोला गप्प बसता आलं असतं. मूस आलाच नाही, धुक्यात दिसला नाही, फांदी आडवी आली. सांगायला काय हवं ते होतं, आणि सगळ्यांनी ते मान डोलावून ऐकलं असतं. त्यानं वॉकी-टॉकी उचलला. तो सगळ्यांकडे असतो आणि एकाचं बोलणं सगळे ऐकतात.

"काउको, तुझ्याकडे येतोय. मोठा नर. माझ्यासमोर उभा होता. माझे डोळे मिटले. मी मारला नाही."

खरखर झाली. मग इर्माचा आवाज आला. "ऐकलं."

मग टेकडीपलीकडून काउकोचा एकच बार. मूस जिथे होता तिथेच बसला.

संध्याकाळी कोठारात मांसाचे ढीग झाले, वाटले गेले, वेइयोला नडगीची हाडं आली आणि त्यानं ती पोत्यात भरली. मग दुसऱ्या दिवसाचे ठिय्ये वाटायचे म्हणून इर्मानं पट्ट्या उलट्या मांडल्या. वेइयो उठला. वेगळ्या खिळ्यावरची फुटक्या धोंड्याची पट्टी त्यानं काढली, तिची पाठ अंगठ्यानं एकदा चोळली, आणि बाकीच्यांच्या शेजारी नेऊन उलटी ठेवली.

"परीक्षा झालीय तुझी," इर्मा म्हणाली.

"कागदाची झालीय," वेइयो म्हणाला. "यातच असू दे. उद्या कसं होईल ते मला माहीत नाही."

इर्मानं पट्ट्या हातानं एकदा मिसळल्या. काउको भिंतीपाशी गेला आणि तोंड फिरवून उभा राहिला.  इर्मानं एक पट्टी उचलून डोळ्यांपाशी धरली, खाली ठेवली आणि तिच्यावर काठी टेकवली.

"हा कोणाचा?"

काउको भिंतीतल्या फळ्यांकडे बघत राहिला. मग भिंतीलाच विचारल्यासारखा म्हणाला, "कुठला आहे तो, आधी सांग."

असं कुणी कधी विचारलं नव्हतं. आमच्या आज्यांच्या आज्यांपासून कुणी नाही. नडगीच्या हाडांच्या त्या तीन वर्षांतही नाही. इर्मानं टोळीकडे पाहिलं. टोळीनं शेगडीवरच्या सॉसेजकडे पाहिलं.

"फुटका धोंडा," इर्मा म्हणाली.

"मग वेइयोचा," काउको म्हणाला.

कुणी हरकत घेतली नाही. इर्मानं पट्टी काठीनंच वेइयोकडे सरकवली आणि पुढच्या पट्टीवर काठी टेकवली. वेइयोनं ती उचलली, पण त्याला ती लगेच खिशात घालता येईना. त्याचे डोळे भरून आले होते, आणि यावेळी त्यानं ते मिटले नाहीत. राइली पातेल्यापाशी उभी राहून त्याच्याकडेच बघत होती.

"धूर फार झालाय आत," कुणीतरी म्हणालं, आणि एकानं उठून दार उघडलं.